लिफ्टची खोली

तिसगावच्या शिबिरात डॉक्टरांनी कानिफनाथांचे डोळे तपासले आणि सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन नगरला करायचं, आधी एक डोळा, महिन्या-दीड महिन्यानं दुसरा. फोन आला तेव्हा त्यांचा मुलगा भागवत जेवत होता. घास हातात तसाच धरून तो बायकोला म्हणाला, "दादांना इकडं आणावं लागंल."

"मग आणा की," आरती म्हणाली.

"आणा म्हणतीस. ठेवायचं कुठं?"

"ते मी बघते."

भागवतनं खोलीभर नजर फिरवली. तेवढ्यासाठी मान वळवायचीही गरज नव्हती. नगरजवळच्या बोल्हेगावातल्या त्या तीन मजली इमारतीत सगळी घरं एकसारखी, एक खोली आणि तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा. दार उघडलं की समोर खिडकी, खिडकीखाली आरतीचं शिलाई मशीन, डाव्या हाताला दिवाण, उजव्या हाताला ओटा आणि फ्रीज. दिवाणावर बसून पाय लांब केले की अंगठा फ्रीजला लागायचा. मोरीचं दार प्लास्टिकचं होतं आणि ते उघडायचं झालं तर आधी मशीनचं स्टूल उचलावं लागायचं. बिल्डरनं इमारतीत लिफ्टची सगळी तयारी केली होती. जिन्याशेजारी खालपासून वरपर्यंत उभी पोकळी ठेवली होती. लिफ्ट तेवढी आली नाही. लोकांनी शेवटी प्रत्येक मजल्यावर विटा लावून तिचं तोंड बंद केलं आणि विषय सोडून दिला.

पण आरती घाबरणाऱ्यातली नव्हती. काष्टीच्या बाजारात बापाच्या कापडाच्या पालावर बसून ती मोठी झाली होती. गिऱ्हाईक कसंही आलं तरी त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. लग्न होऊन दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत आली, मशीन मांडलं आणि वर्षभरात आजूबाजूच्या चार इमारतींतल्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडंच यायला लागल्या. भागवत नागापूर एमआयडीसीत शिफ्टवर. दोघांचं बरं चाललं होतं.

कानिफनाथ आले ते एक पिशवी आणि एक घोंगडी घेऊन. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. पुष्कळ वर्षं ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यांवर जायचे. बायको गेल्यावर ते सगळं सोडलं आणि आता तिसगावजवळच्या आपल्या कोरडवाहू रानात ज्वारी-तूर करायचे. दारातून आत येताना त्यांनी मान वाकवली. दार तेवढं ठेंगणं नव्हतं, पण खोली बघून माणसाची मान आपोआप वाकायची.

पहिला आठवडा निभावला. भागवतची दिवसपाळी होती. कानिफनाथ दिवाणावर, भागवत खाली, आणि आरती ओटा आणि फ्रीजच्या मधल्या पट्टीत, मध्ये दोरीवर चादर टाकून. डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. काळा चष्मा मिळाला. डॉक्टरांनी बजावलं, धुरळ्यात जायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे.

थेंब घालायचं काम आरतीकडं आलं, कारण भागवत कामावर असायचा.

"मामा, मान मागं करा. वर बघा."

सासऱ्यांचा चेहरा तिनं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते, लस टोचायला बसवलेल्या पोरासारखे. थेंब पडला की ते "झालं?" म्हणायचे, चष्मा चढवायचे आणि टोपी उचलायचे.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"मामा, धुरळा—"

"धुरळ्यात न्हाई जात. हितंच."

त्याला कारण होतं. लग्नसराई तोंडावर आली होती. माप द्यायला आलेली एक बाई कानिफनाथांना आत बसलेलं बघून उंबऱ्यावरच थबकली आणि "नंतर येते" म्हणून निघून गेली. दुसरी आली, तीही तशीच गेली. तिसरीची चाहूल लागली तेव्हा कानिफनाथ आधीच उठून चपला घालत होते. तेव्हापासून ते सकाळी चहा झाला की बाहेर पडायचे. थेंबाच्या वेळेला येणार, जेवायला येणार, पुन्हा जाणार. आणि भागवतची रात्रपाळी सुरू झाली तेव्हा त्यांनी संध्याकाळीच घोंगडी काखेत मारली.

"मी गच्चीत झोपतो. मला लई उकडतंय."

मार्गशीर्षातली थंडी होती. खिडकीच्या काचेवर सकाळी दव असायचं. आरतीनं खूप सांगून पाहिलं. "उसाच्या फडात यापरीस गार असतं," एवढंच बोलून ते जिना चढून गेले. एका खोलीत सून आणि सासरा, मध्ये एक चादर. ही गोष्ट दोघांनाही तोंडानं बोलता येत नव्हती. म्हणून त्यांना उकडत होतं.

दिवसा ते कुठं जातात हे आरतीला राजनंदिनीकडून कळलं. राजनंदिनी वरच्या मजल्यावर राहायची, औषधाच्या दुकानात कामाला होती. ब्लाउज न्यायला आली आणि दारातच हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. तुमचे सासरे रोज आमच्या वरच्या जिन्यात बसलेले असतात. काल मी ड्युटीवरून आले तर भिंतीला टेकून पेंगत होते. मला बघून गडबडीनं उठले, म्हणाले ऊन खायला आलो होतो."

आरतीनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं आणि वर गेली.

गच्चीच्या दाराआधी जिन्याचा शेवटचा वळसा होता. तिथं पायरीवर घोंगडीची घडी घालून कानिफनाथ बसले होते. शेजारी पाण्याची बाटली. डोळ्यांवर काळा चष्मा.

"मामा, हे काय?"

"काय न्हाई. हितं बरंय. ऊन न्हाई, धुरळा न्हाई. डागदर म्हनला तसंच हाय."

"आणि घरात काय वाईट आहे?"

कानिफनाथांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. "घर वाईट न्हाई, पोरी. पर त्या घरात येका टायमाला येकानंच ऱ्हावं, असं हाय ते. तू कामाला बसली तर मी कुठं बघू? भिताडाकडं? मी बसलेला असताना तुला घडीभर पाठ टेकावी वाटली तर तू टेकती का? न्हाई टेकत. मला खोकला आला तरी मी गिळतो."

"तुम्ही तर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहिलात मामा. हे सांगतात ना, लहानपणी सगळे एका कोपीत झोपायचो म्हणून."

"व्हय. आमी चौघं. कूस बदलायची तर समद्यांनी संगंच बदलायची." ते जरा हसले. "पर कोपीचं दार उघडलं की म्होरं समदं रान. चूल भाईर, पोरं भाईर, भांडान सुदिक भाईर. कोपी निस्ती आडवं व्हायला. हितं दार उघडलं की म्होरं दुसऱ्याचं दार."

आरती त्यांच्याच खालच्या पायरीवर बसली. समोर गच्चीच्या उघड्या दारातून आणखी एक दार दिसत होतं, गच्चीकडं तोंड असलेलं, पत्र्याचं, कुलूप लावलेलं. येता-जाता तिनं ते कितीदा पाहिलं असेल.

"हे कशाचं आहे?"

"लिफ्टची खोली. मशीन बसवायला बांधल्याली. मी फटीतून बघितलं, चांगली हाय. खिडकी बी हाय. आत लोखंड भरलंय."

लोखंड गोरक्षनाथचं होतं. इमारतीत खालीच त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि सोसायटीची चेअरमनकी त्याच्याकडं असल्यामुळं वाढदिवसाचे, निवडीचे बोर्ड लावायच्या चौकटी त्यानं वर ठेवल्या होत्या. आरती तशीच खाली उतरून दुकानात गेली.

"भाऊ, वरची खोली उघडून द्या. माझ्या सासऱ्यांना झोपायला पाहिजे."

गोरक्षनाथ कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "वहिनी, ती खोली राहायची नाही. इमारतीची आहे."

"मग चौकटी इमारतीच्या आहेत का?"

त्याला हसू आलं. वाईट माणूस नव्हता तो. "तसं नाही हो. आज तुमचे सासरे, उद्या दुसऱ्याचा मेहुणा. प्रत्येक जण म्हणेल माझा पाहुणा. मी कुणाकुणाचं बघू?"

"म्हणू द्या की. आजवर कुणाच्या घरी पाहुणा राहिलाय का या इमारतीत?"

"असं करा," तो म्हणाला, "सगळ्यांचं एकमत आणा. मग बघू."

त्याला खात्री होती. पाण्याची टाकी धुवायच्या दिवसावरसुद्धा या इमारतीत कधी एकमत झालं नव्हतं.

"बरं," आरती म्हणाली, आणि चावी हातात मिळाल्यासारखी बाहेर पडली.

पुढच्या दोन दिवसांत तिनं शिवलेले कपडे स्वतः घरोघरी पोचवले. एरवी बायका न्यायला यायच्या. दारात उभी राहून ती फक्त एवढंच विचारायची, "तुमच्याकडं कधी कुणी राहायला आलंय का हो?" आणि दारं पूर्ण उघडायची. एकीची आई बाळंतपणाला आली होती, तिनं महिनाभर ओट्याला टेकून बसून झोप काढली. एकीचे सासू-सासरे दर दिवाळीला येतात आणि त्याच दिवशीच्या शेवटच्या एसटीनं परत जातात. जाताना म्हणतात, जनावरांचं बघायला पाहिजे. जनावरं त्यांनी केव्हाच विकलीत. राजनंदिनीचा भाऊ पोलीसभरतीला आला होता, बहिणीचं घर नगरात असून तो स्टँडवर झोपला आणि सकाळी तसाच धावायला गेला. सांगताना राजनंदिनी दाराची कडी उगीच वरखाली करत होती. "त्यानं मला नंतर सांगितलं, वहिनी. मला वाटलं मित्राकडं उतरलाय."

नाही कोण म्हणणार होतं? उलट संध्याकाळी बायकाच आपापल्या नवऱ्यांना घेऊन गच्चीवर जमल्या आणि गोरक्षनाथला वर बोलावलं. तो आला, सगळ्यांची तोंडं बघितली आणि डोकं खाजवलं.

"माझी ना नाही. पण चौकटी कुठं ठेवू? दुकानात तर पाय ठेवायला जागा नाही."

आरतीनं त्याचा विचार केलेला होता. "भाऊ, तुम्ही प्रत्येक चौकट तीन जिने वर चढवता आणि लागली की खाली उतरवता. खाली लिफ्टची पोकळी रिकामीच आहे ना? तुमच्या दुकानाच्या पाठीला पाठ लावून. विटा फोडायच्या आणि दार बसवायचं. चौकटी उभ्या राहतील."

"तिथं कचरा आहे."

"कचरा आम्ही काढतो."

गोरक्षनाथ खाली गेला. त्यानं विटांवरून हात पसरून लांबी-उंची अजमावली, भिंतीवर थाप मारली. आणि वर येऊन त्यानं खिशातून चावी काढली.

इथवर सगळं आरतीच्या मनासारखं झालं. पण एका माणसाला विचारायचं ती विसरली होती. जिन्यात सुनेनं गाठल्यापासून कानिफनाथ अंधार पडेपर्यंत कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन बसायचे, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपून भागवतची सुट्टी होती. जेवणं चालली होती. आरतीनं चावी सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच. कानिफनाथांनी चावीकडं बघितलं. भाकरी मोडायचे थांबले.

"मला माळ्यावर टाकती व्हय?"

"मामा, तसं नाही—"

"भागवता, सकाळच्या यष्टीनं मला तिसगावला बसवून दी. दुसऱ्या डोळ्याचं मी बघतो मपलं."

भागवतचा चेहरा लाल झाला. "आरती, निदान मला तरी विचारायचं. गावात काय सांगायचं? बापाला गच्चीवर ठेवलाय म्हणून?"

"जिन्यात बसलेले चालतात का तुम्हाला?" ती बोलून गेली. भांडी घासताना आरतीला रडू आलं, पण ओटा आणि माणसं यांच्यात हातभराचं अंतर होतं, त्यामुळं तिनं तेही पाण्याच्या आवाजात उरकलं.

सकाळी थेंबाची वेळ झाली. कानिफनाथांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांनी मान मागं केली. आरतीनं थेंब घातला, झाकण लावलं आणि तिथंच समोर बसून राहिली.

"मामा, तुमची सोय मी तुम्हाला न विचारता केली. चुकलं माझं. गिऱ्हाइकाला न विचारता मी साधा गळासुद्धा कापत नाही, आणि तुमच्या बाबतीत विचारलं नाही."

कानिफनाथांनी टोपी उचलली, पण घातली नाही.

"तुम्ही गावाकडं घरात झोपता का? दारापुढच्या ओट्यावर झोपता. म्हणून तुम्हाला कुणी घराबाहेर टाकलं का? या घराला तसा ओटा नाही, म्हणून मी शोधला. एकदा वर येऊन बघा. नाही पटलं तर स्टँडवर सोडायला मी स्वतः येते."

ते उठले. पिशवी मात्र सोबत घेतली. भागवत मागोमाग निघाला.

वर खोली आदल्या दिवशीच रिकामी करून बायकांनी धुऊन घेतली होती. फरशी अजून ओलसर होती. मशीनसाठी ठेवलेली जमिनीतली भोकं गोरक्षनाथच्या माणसानं सिमेंटनं बुजवलेली. एक खाट मावेल, तिच्याशेजारी दोघं बसतील, एवढी जागा. कानिफनाथांनी आत जाऊन भिंतीला हात लावला, खिडकी ढकलून पाहिली. मग पत्र्याचं दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. समोर गच्ची, कडेला टाक्या, दोरीवर कपडे, आणि त्यापलीकडं एकदम मोकळं. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, बरा झालेला डोळा बारीक केला.

"भागवता, ती गर्भगिरीची रांग न्हव का?"

"तीच, दादा."

"मला दिसती की रं." ते बराच वेळ तिकडं बघत राहिले. वर्षानुवर्षं त्यांना डोंगर म्हणजे नुसता धुरकट पट्टा दिसत होता, आणि गच्चीत झोपायला यायचे तेही अंधारात, काळ्या चष्म्यानं. मग त्यांनी घसा साफ केला, मोकळेपणानं, खाकरून, आणि त्यांचा आवाज बदलला. आता तो टोळी उतरवून घेणाऱ्या मुकादमाचा होता.

"ही खिडकी अशी न्हाई चालायची. जाळी पायजे, डासं येतील. चुना द्यावा लागंल. दाराला आतून कडी कुठंय? आन त्या टाकीचं पानी वाहून हिकडं येतंय, त्याला आडवी ईट लावा. भागवता, उभा काय ऱ्हायला? खोरं मिळतंय का बघ."

"आणि तिसगावची एसटी?" आरतीनं विचारलं.

"जिवायला मी खालीच येनार," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "चहाला बी. आन चावी माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तुमच्यापाशीच."

त्या दुपारी सुट्टीवरचा भागवत वर बापाला चुना लावून देत होता आणि घरात गिऱ्हाईक नव्हतं. आरतीनं मशीन बंद केलं आणि दिवाणावर आडवी झाली. कितीतरी दिवसांनी. फ्रीजला पाय लागत होते, ते तिनं तसेच राहू दिले.

पुढं थंडी सरेपर्यंत कानिफनाथ गच्चीचे मालकच होऊन बसले. बायका वर गहू वाळत घालून निर्धास्त कामावर जायला लागल्या, कबुतरं हाकायला माणूस होता. शेजारच्या इमारतीतले दोन म्हातारे संध्याकाळी येऊन बसायचे आणि तिघांच्या गप्पा तळमजल्यापर्यंत ऐकू यायच्या. एकदा गोरक्षनाथ वर आला आणि म्हणाला, "काका, जरा हळू, दुकानात गिऱ्हाईक विचारतंय वर कोण भांडतंय." दुसरा डोळाही नीट झाला. मढीच्या यात्रेला घरी पाहिजे म्हणून कानिफनाथ तिच्या आधी तिसगावला परतले. निघताना खोली झाडून घेतली आणि चावी आरतीच्या हातात दिली.

मग रांग लागली. राजनंदिनीचा भाऊ पुन्हा भरतीला आला आणि या वेळी पोटभर जेवून, रात्रभर झोपून मैदानावर गेला. ज्यांची जनावरं विकली होती ते सासू-सासरे आठवडाभर राहिले आणि जाताना जनावरांचं नाव काढलं नाही. गोरक्षनाथचे सासरचे लोक आले, त्यांना शिर्डीला जाऊन यायचं होतं, आणि चेअरमननं स्वतः आरतीकडं येऊन आणखी दोन दिवस मागून घेतले. कुणी कधी राहायचं हे आरतीनंच ठरवायचं, हेही कुणी ठरवलं नाही, आपोआप तसं होत गेलं.

चैत्रात एका दुपारी कानिफनाथांचा फोन आला.

"पोरी, मी पुढल्या सोमवारी येतो म्हनतो. डागदरला डोळं दाखवायचंत. खोली रिकामी हाय न्हव?"

आरतीनं मशीन थांबवलं. "मामा, सोमवारपासून आई येणार आहे काष्टीहून. लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येतीय."

पलीकडून कानिफनाथ खाकरले. आपण चुना देऊन नीट केलेल्या खोलीसाठी आता आपणच थांबायचं, हे त्यांना जरा जड गेलं असावं.

"किती दिस हाय ती?"

"मी तिला सांगितलंय, कंटाळा येईपर्यंत."

"बरं. मग डागदरचं मी त्याच्या पुढल्या आठवड्यात बघतो. डोळं काय पळून चाललं न्हाईत." ते फोन ठेवणार होते, तेवढ्यात थांबले. "आन हे बघ, विहीनबाईला सांग, खाट खिडकीखाली लावू नको म्हनावं. पहाटं तिकडून गार वारं येतं. दाराकडं डोकं करून झोपली तर बरं पडतं."

"सांगते मामा," आरती म्हणाली, आणि पायानं मशीन पुन्हा सुरू केलं.